आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा: 'द रिदम ऑफ द नाइट'ची पूर्ण केस

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर एक नंबरला व्हिगफिल्डचं 'सॅटर्डे नाइट' होतं आणि त्याच्या खाली दोन नंबरवर कोरोना या नावानं निघालेलं 'द रिदम ऑफ द नाइट' येऊन पोचलं. दोन्ही गाणी इंग्रजी, समोर दिसणारी एक बाई डेन्मार्कची आणि दुसरी ब्राझीलची, आणि दोन्ही रेकॉर्ड बनवणारे मात्र इटालियन. ज्या देशानं जगाला पॉप विकलं त्या देशात इटलीवाल्यांनी जाऊन त्यांच्याच भाषेत वरच्या दोन जागा पटकावल्या, ही साधी गोष्ट नाही. यातलं दुसरं गाणं, म्हणजे कोरोनाचं, मी इथे सविस्तर घेतोय, कारण युरोडान्सचं (नव्वदीतलं युरोपातलं, क्लबमध्ये नाचायचं पॉप) हिट गाणं कसं बनतं, कसं देशोदेशी पोचतं आणि त्यात कुणाचं नाव राहतं आणि कुणाचं गळतं, हे सगळं या एका गाण्यात बघायला मिळतं. आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, या गाण्याचं यश आणि गायिकेवर झालेला अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ज्या पद्धतीनं गाणं हिट झालं त्याच पद्धतीनं तिचं नाव गायब झालं.

आधी माणसं कोण ते बघू. कोरोना हा बँड नव्हता. चार मित्र गॅरेजमध्ये जमले, वाजवायला लागले, असं काही इथे नाही. हा एका प्रोड्यूसरचा प्रोजेक्ट होता, आणि तो प्रोड्यूसर म्हणजे फ्रान्चेस्को बोंतेंपी, जो ऐंशीच्या दशकापासून ली मॅरो या इंग्रजी वाटणाऱ्या नावानं इटालो डिस्कोच्या, म्हणजे इटलीत बनणाऱ्या सिंथेसायझरवरच्या डिस्कोच्या, रेकॉर्ड काढत होता. रेकॉर्ड निघाली डीडब्ल्यूए या लेबलवर, ते लेबल रॉबेर्तो झानेत्तीचं. झानेत्तीची स्वतःची पण अशीच टोपणनावं, गायक म्हणून सॅव्हेज, प्रोड्यूसर म्हणून रोबिक्स. १९८३ मध्ये सॅव्हेज नावानं 'डोन्ट क्राय टुनाइट' गाऊन झालेला हा माणूस नव्वदीत डबल यू, आइस एमसी, अलेक्सिया अशा नावांच्या मागे उभा होता. म्हणजे या वर्तुळात खरं नाव बाजूला ठेवून दुसऱ्या नावानं रेकॉर्ड काढणं ही रोजचीच गोष्ट होती, त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्याची मुळं इथे आहेत.

गाण्याच्या क्रेडिटमध्ये लेखक-संगीतकार म्हणून पाच नावं आहेत. बोंतेंपी स्वतः, ॲनर्ली गॉर्डन, जॉर्जो स्पान्या, आणि मग पीट ग्लेनिस्टर आणि माइक गॅफी. यातली ॲनर्ली गॉर्डन ही इंग्लंडमधल्या शेफील्डची, इटलीत येऊन राहिलेली. इटालियन प्रोड्यूसरांची चाल जबरदस्त असायची पण इंग्रजी शब्द लिहिताना गाडी अडायची, तिथे अशी इंग्रजी मातृभाषा असलेली व्यक्ती जवळ असणं म्हणजे सोनंच. हीच ॲनर्ली पुढे ॲन ली नावानं १९९९ मध्ये 'टू टाइम्स' घेऊन स्वतः समोर आली. जॉर्जो स्पान्या म्हणजे 'कॉल मी'वाल्या गायिका इव्हाना स्पान्याचा भाऊ. आणि शेवटची दोन नावं ब्रिटिश, ती का आहेत तर १९८७ मध्ये से व्हेन नावाच्या ग्रुपचं 'सेव्ह मी' म्हणून एक गाणं आलं होतं, त्यातली चाल या गाण्यात आहे, म्हणून त्या गाण्याच्या लेखकांना क्रेडिट. ते १९८७ चं गाणं फारसं कुणाच्या लक्षात नाही. बोंतेंपीची नजर अशी की एका विस्मरणात गेलेल्या गाण्यात दडलेलं सोनं त्यानं ओळखलं आणि त्याला नवा ठेका, नवे शब्द आणि नवा गळा दिला.

आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण युरोडान्सला लोक 'काय ते धडधड धडधड, सगळी गाणी सारखीच' म्हणून उडवून लावतात ना, त्यांनी हे गाणं एकदा नीट हेडफोन लावून ऐकावं. ठेका मिनिटाला साधारण १२८ मात्रांचा, प्रत्येक मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा ठोका), दोन किकच्या मधल्या जागेत हायहॅट (छोटी झांज), खाली बेस. या स्पीडला चार मात्रांचे आठ बार म्हणजे बरोब्बर १५ सेकंद, आणि डान्सफ्लोअरवरचं सगळं गणित या १५ सेकंदांच्या तुकड्यांवर चालतं, आठ बार झाले की काहीतरी बदललं पाहिजे, एक सूर वाढला पाहिजे नाहीतर एक वाद्य निघून गेलं पाहिजे, नाहीतर नाचणाऱ्याचं लक्ष उडतं. डीजेला पण हे तुकडे हवे असतात, कारण एका रेकॉर्डमधून दुसरीत जाताना तो बार मोजूनच जातो. म्हणून बारा इंची रेकॉर्डवरचं क्लब व्हर्जन लांबलचक आणि रेडिओसाठीचं आटोपशीर, दोन्ही एकाच मालातून कापलेले.

त्या काळच्या ठरलेल्या साच्यात कडव्याला एक पुरुष रॅप करायचा आणि ध्रुवपदाला बाईचा मोठा आवाज यायचा. स्नॅप, कल्चर बीट, टू अनलिमिटेड, सगळीकडे हेच. 'द रिदम ऑफ द नाइट'च्या जे सगळ्यांना माहितीय त्या व्हर्जनमध्ये रॅपच नाही. सगळं ओझं एका गायिकेवर टाकलंय, आणि तीच या गाण्याची खरी ताकद आहे असं मला वाटतं. कडवं ती खालच्या पट्टीत, जवळजवळ विनवणी केल्यासारखं गाते, समोरचा माणूस आपल्याकडे वळत नाहीये, त्याला काहीतरी सांगायचंय, असा भाव. मग आवाज पायरी पायरीनं वर चढतो आणि ध्रुवपदाला तो असा उघडतो की जे मागणं होतं ते थेट घोषणा होऊन बाहेर पडतं. शब्द तेच तेच परत येतात, पण प्रत्येक वेळी शेवटच्या स्वरावर ती थोडं वेगळं काहीतरी करते, कधी स्वर ओढते, कधी तोडते. खालचा ठेका मशीनचा, तो एक केसभर हलत नाही, आणि त्याच्यावर हा गळा मोकळा फिरतो. आनंदाच्या गाण्यात एक हुरहूर आहे ती कुठल्या सिंथेसायझरमधून आलेली नाही, ती या आवाजातून आलीय. बाकी सगळं दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या स्टुडिओत थोड्याफार फरकानं करून दाखवलं असतं.

हा आवाज जोवान्ना बेर्सोलाचा. सिसिलीतल्या कतानियाची, जन्म १९७२ चा, म्हणजे गाणं आलं तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली, व्यावसायिक नाव जेनी बी. आणि रेकॉर्डवर, व्हिडिओत, टीव्हीवर दिसली ती ओल्गा डि सूझा, रिओ दे जानेरोची, उंच, देखणी, कॅमेऱ्यासमोर आणि स्टेजवर पूर्ण मोकळी. लोकांना वाटलं हीच गाते. कुणी तसं वाटू नये म्हणून काही केलं पण नाही.

आता ओल्गाबद्दल घाईनं मत बनवू नये. अशा प्रकरणात व्हिडिओतल्या बाईला सरळ खोटारडी ठरवायची लोकांना सवय आहे, मला ते पटत नाही. तिला एका तयार प्रोजेक्टमध्ये घेतलं गेलं, नियम तिनं बनवले नव्हते. टीव्हीच्या कार्यक्रमात प्लेबॅकवर ओठ हलवणं हे तेव्हा युरोपात जे खरंच स्वतः गायचे तेही करत होते, तो प्रकारच तसा होता. देशोदेशी फिरणं, रोज रात्री तोच उत्साह चेहऱ्यावर आणणं, हे पण काम आहे आणि ते तिनं चोख केलं. पुढेही ती कोरोना म्हणून नव्वदीच्या गाण्यांचे शो करत राहिली, गाणं लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं त्यात तिचा वाटा मोठा आहे. तक्रार तिच्याबद्दल नाहीच. तक्रार त्या कोऱ्या जागेबद्दल आहे जिथे जेनी बीचं नाव छापता आलं असतं आणि छापलं नाही.

गाणं इटलीत १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि १९९४ च्या सुरुवातीला तिथे एक नंबरला जाऊन सलग ८ आठवडे बसलं. ब्रिटनमध्ये ते यायला सप्टेंबर उजाडला. मधे जवळजवळ दहा महिने! आज गाणं रात्री बाराला सगळ्या जगात एकदम रिलीज होतं, त्यामुळे नव्या पोरांना हा काळ कळणारच नाही. तेव्हा इटलीतलं छोटं लेबल आधी आपल्या बाजारात रेकॉर्ड चालवून दाखवायचं, क्लबमधले डीजे ती वाजवायचे, मग तो आकडा दाखवून एकेका देशातल्या कंपनीला हक्क विकायचे. ब्रिटनमध्ये डब्ल्यूईए, अमेरिकेत ईस्टवेस्ट, अशा मोठ्या कंपन्यांनी ते घेतलं. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीची तारीख ठरवणार, आपल्या बाजाराला लागेल तसे रिमिक्स जोडणार. म्हणून अमेरिकेत हे गाणं खरं तापलं ते १९९५ मध्ये, आणि बिलबोर्ड हॉट १०० वर ११ व्या नंबरपर्यंत गेलं. युरोडान्ससाठी अमेरिका कायम अवघड बाजार, तिथे रेडिओवर रॉक, आर अँड बी आणि हिपहॉपचं राज्य, त्यात एका इटालियन प्रोजेक्टनं ११ वा नंबर गाठणं ही खरंच मोठी गोष्ट आहे.

या सगळ्या प्रवासाला एक गोष्ट लागते, चेहरा. क्लबमध्ये चेहऱ्याची गरज नसते, अंधारात गाणं वाजतं आणि लोक नाचतात. पण हक्क विकत घेणारी कंपनी विचारते, टीव्हीवर कोण येणार, व्हिडिओत कोण, मासिकाला फोटो कुणाचा देऊ. नव्वदीत एमटीव्ही हा मुख्य रस्ता होता, आपल्याकडे सुद्धा १९९१ नंतर स्टारच्या केबलवरून ही गाणी घरात शिरली ती चित्रांसकटच. स्टुडिओत काम करणारा प्रोड्यूसर स्वतः नाचणार नाही, आणि गायिका एका प्रोजेक्टसाठी गाऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी गाणार. जेनी बीनंच १९९४ मध्ये प्लेअहिटीच्या 'द समर इज मॅजिक'लाही आवाज दिलाय. एकच गळा दोन ग्रुपच्या नावानं बाजारात, अशा वेळी प्रोड्यूसरला गायिकेचं नाव पुढे नकोच असतं, कारण लोकांना कळलं तर दोन्ही प्रोजेक्टचं वेगळेपण गेलं. शिवाय नाव कोरोना, त्याचा मालक प्रोड्यूसर, उद्या गायिका बदलली तरी दुकान चालू राहतं. आणि ती बदललीच! पुढचं 'बेबी बेबी' सँड्रा चेंबर्सनं गायलं, समोर परत ओल्गाच, आणि ते गाणंही चाललं. बहुतेक ऐकणाऱ्यांना आवाज बदललाय हे लक्षातही आलं नाही. धंद्याच्या नजरेनं बघितलं तर पद्धत यशस्वी, त्यात वादच नाही.

पण हे सगळं भोळेपणानं झालं असं कुणी म्हणू नये, कारण १९९३ च्या आधी चार वर्षं या विषयावर दोन मोठी भांडणं होऊन गेली होती आणि त्यातलं एक इटलीचंच होतं. १९८९ मध्ये रेज्जो एमिलियाकडच्या तिघांनी, दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि व्हालेरिओ सेम्प्लिची, ब्लॅक बॉक्स नावानं 'राइड ऑन टाइम' काढलं. ते ब्रिटनमध्ये ६ आठवडे एक नंबर होतं आणि त्या वर्षातलं तिथलं सगळ्यात जास्त विकलेलं सिंगल ठरलं. त्यातला आवाज म्हणजे अमेरिकन गायिका लोलेट्टा हॉलोवेच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' गाण्यातून उचललेले तुकडे, आणि टीव्हीवर ओठ हलवत होती कात्रिन किनोल ही फ्रेंच मॉडेल. हॉलोवे भडकली, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, शेवटी तडजोड झाली. पुढच्या अल्बमवर त्यांनी मार्था वॉशकडून गाऊन घेतलं आणि परत तेच केलं, चेहरा कात्रिनचा. मार्था वॉश गप्प बसली नाही. ती कोर्टात गेली, सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या गाण्यासाठी पण वेगळी लढली, आणि तिच्या लढाईनंतर अमेरिकेत गायकाचं क्रेडिट रेकॉर्डवर छापण्याचा आग्रह खरा जोर धरू लागला. दुसरं भांडण म्हणजे मिली व्हॅनिली, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जर्मन प्रोड्यूसरनं कबूल केलं की समोरची दोन पोरं गातच नाहीत, आणि त्यांचं ग्रॅमी परत घेतलं गेलं. म्हणजे बोंतेंपी आणि मंडळींना हे माहिती नव्हतं असं होऊच शकत नाही. ब्लॅक बॉक्ससारखी चोरी त्यांनी केली नाही हे खरं, जेनी बी स्टुडिओत येऊन रीतसर गायली. पण झाकपाक तीच.

कायद्यानं बघितलं तर यात दोन वेगळे हक्क आहेत. चाल आणि शब्द ज्यांचे त्यांचा एक हक्क, तो वर सांगितलेल्या पाच जणांकडे, आणि गाणं कुठेही वाजलं, कुणीही परत गायलं, कुणीही तुकडा उचलला तरी पैसे तिकडे जातात. आणि प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा दुसरा हक्क, १९६१ च्या रोम करारापासून जगानं मान्य केलेला पण नेहमीच कमजोर. प्रोजेक्टसाठी गाणारीला साधारणपणे कामाचे पैसे हातात मिळतात आणि विषय तिथे संपतो, पुढच्या तीस वर्षांत गाण्याचं काय होईल त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि या गाण्याच्या पुढच्या तीस वर्षांत बरंच झालं. १९९९ मध्ये क्लेर देनी या फ्रेंच दिग्दर्शिकेनं 'बो त्राव्हाय' या सिनेमाच्या शेवटी हे गाणं वापरलं, त्यातला नट देनी लाव्हाँ रिकाम्या डान्सफ्लोअरवर एकटा नाचतो, आधी नुसता उभा, मग अंगातलं सगळं दाबलेलं एकदम बाहेर, आणि तो प्रसंग जगभरच्या सिनेमावाल्यांच्या यादीत जाऊन बसला. २०१३ मध्ये बॅस्टिल या ब्रिटिश बँडनं हे गाणं आणि स्नॅपचं 'रिदम इज अ डान्सर' एकत्र करून 'ऑफ द नाइट' केलं, ते पण ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं. २०१९ मध्ये ब्लॅक आइड पीज आणि जे बाल्व्हिन यांनी 'रित्मो'त याच गाण्याचं सॅम्पल, म्हणजे मूळ रेकॉर्डमधला तुकडा, घेतलं आणि नव्या पिढीला ते कानावर पडलं.

आपण मराठी लोक हे सगळं वाचताना म्हणू की यात काय, आपल्याकडे पार्श्वगायन नाही का, मधुबाला दिसते आणि लताबाई गातात. बरोबर आहे, आवाज वेगळा आणि चेहरा वेगळा यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही, आणि म्हणूनच फरक कुठे आहे ते आपल्याला जास्त नीट दिसायला हवं. कारण १९४९ मध्ये 'महल' आला तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं, तिथे छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं की ही गाते कोण, तेव्हा कंपनीकडून नाव बाहेर आलं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला वेगळं बक्षीस १९५९ पासून, ते पण लताबाईंनी आग्रह धरल्यामुळे. रॉयल्टीसाठी त्या भांडल्या, मोठ्या मोठ्या लोकांशी वाकडं घेतलं. आज आपल्याला पार्श्वगायन स्वच्छ वाटतं ते आपोआप तसं नव्हतं, गाणाऱ्यांनी भांडून ते तसं करून घेतलंय. १९९३ च्या इटलीत एका विशीतल्या, प्रोजेक्टवर अवलंबून असलेल्या गायिकेकडे ना तेवढं वजन होतं ना तिच्या पाठीशी पत्रं लिहिणारे श्रोते, कारण श्रोत्यांना प्रश्नच पडू दिला नव्हता. ओल्गा समोर उभी असताना 'गाते कोण' असं कोण विचारणार?

काही जण म्हणतात त्या काळात दुसरा मार्गच नव्हता, नाव दिलं असतं तर गाणं विकलं गेलं नसतं. याला उत्तर त्याच लेबलमध्ये आहे. आइस एमसीच्या १९९४ च्या 'थिंक अबाउट द वे'मध्ये ध्रुवपद गाणारी अलेक्सिया, ती पण सुरुवातीला दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधला आवाजच होती. पण तिला डीडब्ल्यूएनं हळूहळू पुढे आणलं, १९९६ मध्ये 'समर इज क्रेझी' तिच्या स्वतःच्या नावावर निघालं आणि इटलीत एक नंबर झालं, मग 'उह ला ला ला' सगळ्या युरोपभर वाजलं. तेच लेबल, तेच झानेत्ती, तोच बाजार. म्हणजे करता येत होतं. जेनी बीच्या बाबतीत केलं नाही.

त्याचा परिणाम काय झाला ते सानरेमोच्या निकालांवरून दिसतं. सानरेमो म्हणजे इटलीतला सगळ्यात मानाचा गाण्याचा महोत्सव, दरवर्षी टीव्हीवर अख्खा देश बघतो. २००० साली तिथे जेनी बी 'सेम्प्लिचे साइ' घेऊन आली, इटालियन गाणं, स्वतःचं नाव, स्वतःचा चेहरा, आणि जिंकली. जिंकली नवोदितांच्या गटात. ब्रिटनमध्ये दोन नंबर आणि अमेरिकेत ११ नंबर गाठलेला आवाज, आणि तिच्या स्वतःच्या देशात तिला सहा वर्षांनी नवीन गायिका म्हणून पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. तीन वर्षांनी, २००३ मध्ये, अलेक्सिया त्याच स्टेजवर 'पेर दिरे दि नो' गाऊन जिंकली, मुख्य गटात.